ऊ दीर्घ

दुपारी विभागात कुणी नसतं. अशा वेळी मी कविता तपासायला घेतो. कविता तपासणे! इतकी वर्षं हे काम करतोय, पण घरी कुणी विचारलं की अजूनही 'पेपर तपासतोय' असंच सांगतो.

लाल पेन मी वापरत नाही, ही माझी एक खोड. शिसपेन्सिल वापरतो, तीही बोथट. खोडता येतं म्हणून, असं कारण देतो. पण खोडरबर शेवटचं कधी हातात घेतलं, ते काही आठवत नाही.

तर परवा एका कागदावर ओळ होती: 'उन भिंतीला टेकून बसलंय, त्याला आत कुणी बोलावत नाही.' माझ्या हाताने आधी 'उन'भोवती गोल काढला, समासात 'ऊ दीर्घ' असं लिहिलं आणि मग मी ओळ वाचली. या क्रमाने.

चौथीत असताना मी झोपाळ्यावर कविता केली होती. मधल्या सुट्टीत वही घेऊन बाईंच्या टेबलापाशी उभा राहिलो. त्यांच्या बोटांना खडू लागलेला होता, तो माझ्या पानालाही लागला. त्यांनी 'उन'चं 'ऊन' केलं, खाली तारखेसह सही केली आणि वही परत दिली. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून हाक आली, ''उन्हात'मधला मात्र ऱ्हस्व हं!' कवितेबद्दल अक्षर नाही. पण खरं सांगू, वाईट मुळीच वाटलं नव्हतं. बाईंची सही होती! आठवडाभर ती दाखवत फिरलो. आज त्या कवितेतली एक ओळ आठवत नाही, त्यात ऊन होतं एवढं नक्की.

ज्यांनी मराठीत सुनीत, म्हणजे चौदा ओळींचं सॉनेट, आणलं, त्या केशवसुतांनीही शाळामास्तरकी केली. त्यांनीही असे किती उकार सरळ केले असतील कोण जाणे.

कविता लिहायला शिकवण्याच्या आमच्या धंद्यातले लोक पहिल्या तासाला एक गोष्ट हमखास सांगतात. बॉस्टनमध्ये १९५९ साली अमेरिकन कवी रॉबर्ट लोवेलच्या एकाच वर्गात सिल्व्हिया प्लाथ आणि ॲन सेक्स्टन या पुढे गाजलेल्या दोघी कवयित्री बसत. मुलांचे डोळे चमकतात. त्या वर्गात बाकीचे कोण होते, ते कुणी सांगत नाही. माझ्याकडे दरवर्षी बाकीचे येतात. मीही त्यांच्यातलाच, त्यामुळे आमचं बरं जमतं.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखनाची कार्यशाळा रीतसर सुरू झाली. अशा कार्यशाळांमधला एक नियम मीही उचललाय: ज्याची कविता, त्याने चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. नियम चांगला आहे, फक्त गप्प बसलेल्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. काल ती उन्हाची कविता वर्गात आली. मुलगी वाचून गप्प बसली. एक जण म्हणाला, 'सर, ऊन टेकून कसं बसेल? ते तर भिंतीवर पडतं.' दुसरी म्हणाली, 'आत बोलावत नाही म्हणजे खिडकी बंद आहे का?' तिसऱ्याला त्यात समाजव्यवस्था दिसली. ती आपली वहीच्या कोपऱ्याची सुरळी करत होती, उलगडत होती, पुन्हा करत होती.

शेवटी मी तिला कविता पुन्हा वाचायला सांगितलं. या खेपेला तिने 'ऊन' म्हणताना ऊ इतका लांबवला, की चर्चा करणारे जरा वेळ गप्पच झाले.

गुणांच्या तक्त्यात प्रतिमा, लय, मौलिकता आणि शुद्धलेखन असे चार रकाने आहेत, प्रत्येकी ५ गुणांचे. तिचे पहिले तीन भरून झालेत. तक्ता उद्या अकराच्या आत द्यायचा आहे.