आधी देवापुढं ठेव

आमच्या घरात आलेली वस्तू एकदम आपली होत नाही. मध्ये एक थांबा लागतो. आंब्याची पहिली पेटी, पोरीची मार्कशीट, लग्नाची पत्रिका, नवीन साडी, दुरुस्त होऊन आलेला मिक्सर, सगळं आधी देव्हाऱ्यासमोर जातं, हळदीकुंकवाचं बोट लावून घेतं आणि मग घरात शिरतं. चपलांना तेवढी सूट आहे.

"आधी देवापुढं ठेव," हे वाक्य मी आईच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, याची मोजदाद नाही. मी एका कचेरीत बारा वर्षं आवक-जावकला बसलो. आलेल्या कागदावर आवकचा शिक्का आणि क्रमांक पडल्याशिवाय त्याला साहेबसुद्धा हात लावत नसत. त्या टेबलावर बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आईनं हे खातं घरात किती वर्षांपासून चालवलंय. फरक एवढाच की तिच्याकडे जावकची वही नव्हती.

देव्हारा म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. दीड फुटाचा, सागवानी, लालबागच्या चाळीतून डोंबिवलीला टेम्पोत आईच्या मांडीवर बसून आलेला. आता तो फ्रिजशेजारी आहे, त्यामुळे फ्रिज सुरू झाला की देव जरा थरथरतात. आत खंडोबाचा टाक आहे, घोड्यावर बसलेला. आम्ही पालीचे, म्हणजे साताऱ्याकडच्या पालीच्या खंडोबाचे. शेजारी भवानीचा टाक, सुपारीचा गणपती, आणि दोन अन्नपूर्णा, दोन रांगते बाळकृष्ण. एक जोडी आईनं माहेरून आणलेली, दुसरी माझ्या बायकोनं. आईचा बाळकृष्ण घासून घासून नाक गमावून बसलाय. बायकोच्या बाळकृष्णाचं नाक अजून शाबूत आहे. दोघं एकाच ताम्हनात अंघोळ करतात. सासूसुनांचं काय चाललंय याचा त्यांच्यावर परिणाम होत नाही.

मी फार श्रद्धाळू माणूस नाही. उपवास मला झेपत नाहीत, आणि नवस बोलणं म्हणजे देवाशी घासाघीस, असं माझं अजूनही मत आहे. पण या ठेवण्यापुढं माझं काही चालत नाही. त्याला कारण आहे.

आबा कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते. पगाराच्या दिवशी ते घरी आले की पाय धुवायचे, पाकीट देव्हाऱ्यात ठेवायचे, हात जोडायचे आणि बाजूला व्हायचे. मग आई ते उचलायची. पाकीट आबांच्या हातातून आईच्या हातात कधी गेल्याचं मला आठवत नाही. मध्ये खंडोबा असायचाच.

18 जानेवारी 1982 ला कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मी चौथीत होतो. सुरुवातीला मजा वाटली. भोंगा वाजायचा बंद झाला, आबा दिवसाउजेडी घरात दिसायला लागले, चाळीच्या गॅलरीत बाप्ये पत्ते कुटत बसायचे. मग मजा सरली. शेजारची दोन बिऱ्हाडं गावाला गेली ती गेलीच. वाणी आधी हसून उधार द्यायचा, मग न हसता द्यायला लागला, मग वहीत बघायला लागला. आईच्या हातातल्या पाटल्या एक दिवस नव्हत्या. मी विचारलं, तर म्हणाली, "घट्ट व्हायला लागल्या होत्या." तिचं मनगट तेव्हा माझ्यापेक्षा बारीक झालं होतं.

त्याच सुमारास आई रोज सकाळी भजनाला जायला लागली. दादरला, चालत. आबांना नवल वाटलं, पण भजनाला जाणाऱ्या बाईला अडवणार कोण? खरं म्हणजे ती हिंदू कॉलनीतल्या एका घरी पोळ्या करायला जात होती. गिरणीवाल्याच्या बायकोनं दुसऱ्याच्या घरी पोळपाटाशी उभं राहायचं, हे आबांना सोसलं नसतं. म्हणून हे भजन.

पहिल्या महिन्याचे पैसे मिळाले तेव्हा तिची पंचाईत झाली असणार. वाण्याला द्यायचे ते दिले. पण देवापुढं न ठेवता सगळा पैसा खर्चून टाकायचा? तिच्या हातून ते होईना. आणि राजरोस ठेवायची सोय नव्हती. तिनं दहाची एक नोट चार घड्या करून खंडोबाच्या टाकाखाली सरकवली.

घरातली पूजा आबा करायचे.

मी तिथंच बसलो होतो, निबंध लिहीत. आबांनी टाक उचलला, ताम्हनात ठेवला आणि खालची नोट हातात घेतली. उलगडली. नोट भंडाऱ्यानं पिवळी झाली होती आणि घडीच्या रेषेत वाळलेली कणीक अडकली होती. बारीक, पांढरट, नखानं काढावी अशी. आबांनी ती नखानं काढायला सुरुवात केली, मग थांबले. आई पलीकडे मोरीत भांडी घासत होती, तिचा आवाजही बंद झाला होता. आबांनी नोट पुन्हा चार घड्या करून होती तिथं ठेवली, वर टाक ठेवला, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ घंटा वाजवली. खोटं बोलायला देवाचं नाव घ्यावं आणि देवानंच ते उघडं पाडावं, यावर आई पुढं पुष्कळ वर्षांनी हसली. तेव्हा कुणी हसलं नाही. बोललंही नाही.

पुढच्या आठवड्यात आबा पहाटे उठून भायखळ्याच्या मंडईत गेले आणि मिरच्या-कोथिंबिरीची टोपली घेऊन नाक्यावर बसले. साच्यांवर आठ-आठ तास उभा राहणारा माणूस, पोत्यावर मांडी घालून. संध्याकाळी आले, पाय धुतले, आणि सुटी नाणी देव्हाऱ्यात ठेवली. सव्वासात रुपये. खाली कोथिंबिरीचं पाणी लागलं होतं.

आईनं बघितलं. म्हणाली, "ओली चिल्लर ठेवू नये. पुसून ठेवायची."

संपाबद्दल त्या दोघांमध्ये माझ्यासमोर झालेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

आमच्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही. माझ्या पोरीला 'थँक्यू' म्हणायची शाळेनं सवय लावली, तर आई दचकायची. आपण काहीतरी परकं वागलो की काय, असा चेहरा करायची. आबांनी तिला आयुष्यात कधी 'तू होतीस म्हणून निभलं' असं म्हटलं नाही. ते सव्वासात रुपये त्यांनी ठेवले ते खंडोबापुढं. पण ते कुणासाठी होते, हे घोड्यावरच्या खंडोबालाही कळलं असणार.

संप तसा कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्या बंद होत गेल्या. आबांच्या गिरणीच्या जागेवर आता काचेची उंच इमारत आहे, रात्री फार सुंदर दिसते. आबांनी पुढं रखवालदारी केली, एका प्रेसमध्ये कागद कापले. 2012 मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली, तेव्हा त्यांनीही अर्ज केलेला होता. अर्जाची पावती टाकाखाली होती. नाव निघालं नाही. "लाखावर लोकं आहेत, सगळ्यांनी देवाखालीच पावत्या ठेवल्या असतील," एवढंच म्हणाले. दोन वर्षांनी ते गेले. पावती अजून तिथंच आहे. पिवळीधमक. काढून टाकायला कुणाचा हात होत नाही.

माझी मुलगी नोकरीला लागली तेव्हा घरात तांत्रिक अडचण आली. पगार खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला. आई म्हणाली, "आधी देवापुढं ठेव." पोरगी म्हणाली, "आजी, ठेवू काय? तो बँकेत आहे." आई म्हणाली, "मग बँकेतनं आण." शेवटी मोबाइल देव्हाऱ्यात ठेवला, मेसेज उघडून. दोन मिनिटांत स्क्रीन काळी झाली. आईनं विचारलं, "गेला का पगार?" मी म्हटलं, "अजून नाही, पाच तारखेपर्यंत टिकेल." मोबाइलला कुंकू लावायला मात्र पोरीनं ठाम नकार दिला. मग साखर ठेवली, आणि साखर सगळ्यांनी खाल्ली.

आणि तो रिपोर्ट.

बायकोच्या छातीत गाठ लागली होती. तुकडा तपासायला दिला होता, आणि संध्याकाळी मी लॅबमधून बंद पाकीट घेऊन आलो. लिफ्टमध्येच फोडणार होतो. फोडलं नाही, कारण हिंमत झाली नाही. घरात आलो तर आई दारातच होती.

"आधी देवापुढं ठेव."

मी चिडलो. इतक्या वर्षांत आईवर एवढा आवाज चढवला नव्हता. म्हटलं, "आत जे छापलंय ते छापलंय. खंडोबा काय शाई बदलणार आहे?"

आई शांत होती. म्हणाली, "बदल म्हणून कोण सांगतंय त्याला? पण आधी तो बघंल. मग आपण बघू. पहिल्यांदा एकट्यानं बघायचं नसतं असलं."

बायकोनं माझ्या हातातून पाकीट घेतलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं, दोन्ही बाळकृष्णांच्या मध्ये. आम्ही तिघं खाली फरशीवर बसलो. फ्रिज सुरू झाला, देव थरथरले, पाकीटही थरथरलं. किती वेळ गेला माहीत नाही. कुकरच्या तीन शिट्या झाल्या हे आठवतं, कारण आई उठून गॅस बंद करून आली. मग बायकोनंच पाकीट फोडलं.

रिपोर्ट वाईट होता. शाई काही बदलली नव्हती. त्यानंतर ऑपरेशन, मग दर एकवीस दिवसांनी एक अशा सहा केमो. तोंडाला फोड, नखं काळी, सगळे केस उशीवर. ते वर्ष मला पुन्हा सांगावंसं वाटत नाही. एवढंच सांगतो, की त्यानंतरचा प्रत्येक रिपोर्ट आम्ही तसाच आणला, तसाच ठेवला, तिघंही खाली बसलो, आणि मी परत कधी शाईचा विषय काढला नाही. शेवटच्या तपासणीचा कागद चांगला आला, तेव्हा आईनं त्याच्यावर नको तेवढं कुंकू लावलं. पुढच्या वेळी डॉक्टरांनी तो हातात धरला आणि विचारलं, "हे लाल काय?" बायको म्हणाली, "सासूबाईंची सही आहे."

त्याला आता चार वर्षं झाली. बायको ठीक आहे, परत ओरडते.

आई मात्र विसरायला लागलीय. नावं विसरते, जेवली की नाही ते विसरते. मला अधूनमधून आबांच्या नावानं हाक मारते आणि मग स्वतःच लाजते. एक गोष्ट तेवढी विसरत नाही. घरात जे दिसेल ते उचलून देवापुढं ठेवते. टीव्हीचा रिमोट, लाइटबिल, कोथिंबिरीची जुडी, स्वतःची कवळी. आमच्याकडे आता काही हरवलं की कुणी शोधत नाही. बायको आतूनच सांगते, "देव्हाऱ्यात बघा."

परवा सकाळी चष्मा सापडेना. गाडीची वेळ झालेली. देव्हाऱ्यात गेलो, तर खंडोबासमोर नीट घडी करून ठेवलेला. डाव्या काचेवर हळदीचं बोट उमटलं होतं. शेजारी आई बसली होती, हात जोडून. म्हणाली, "नवा घेतलास? चांगलाय हो."

मी म्हटलं, "हो."

पुसायला रुमाल काढला होता, पण ती बघत होती. तसाच घातला आणि निघालो. ठाण्यापर्यंत डाव्या बाजूचं सगळं जरा पिवळं दिसत होतं.