शेवटून पहिले अण्णा

सहावीच्या सिंहगड सहलीत सर्वांत पुढे पीटीचे सर आणि सर्वांत मागे आमचे अण्णा. पहिल्या वर्षी शाळेनं पालक म्हणून बोलावलं, नंतर ते न बोलावताच यायला लागले. आतकरवाडीच्या वाटेनं चढताना ज्याला धाप लागे, ज्याची चप्पल तुटे, तो आपोआप अण्णांच्या वाट्याला येई. डोक्याला पंचा, खांद्यावर दोराचं वेटोळं. वर देवटाक्याचं पाणी पिऊन दही, पिठलं-भाकरी झाली की तानाजी कड्यापाशी मुलं त्यांना घेरत आणि घोरपडीबद्दल विचारत. "घोरपडीचं राहू दे," अण्णा म्हणत, "१६७० च्या त्या रात्री वर जाऊन दोर कशाला आणि कसा बांधला असेल, ते सांगा." इतिहासाच्या बाईंना हा प्रश्न मुळीच आवडत नसे.

दोराचा नाद जुना. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. हे सगळं आईकडून ऐकलेलं. पाणी चढताना नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यातली म्हातारी माणसं अण्णांनी माडीवर नेली. ते तेव्हा कितीतरी तरुणांनी केलं. त्यांचं काम खरं सुरू झालं पाणी ओसरल्यावर. खडकवासलाही फुटलेलं, त्यामुळे नळ कोरडे. भिस्त विहिरींवर आणि जुन्या हौदांवर, आणि आमच्या भागातल्या विहिरींत पुराचा गाळ. अण्णा कमरेला दोर बांधून उतरत. आधी पेटता कंदील सोडायचा. तो विझला तर खालची हवा वाईट, त्या दिवशी विहिरीला रामराम. तगला तर अण्णा खाली, चौघे वर दोर धरून, आणि मग घमेल्यामागून घमेलं गाळ. आई नवी नवरी होती. "तुझ्या अण्णांचं धाडस मी काठावरून बघितलंय, मला नको सांगूस," हे ती पुढे प्रत्येक भांडणात काढायची.

आई नर्स. तिची रात्रपाळी असली की माझ्या वेण्या अण्णा घालत. शाळेचा नियम दोन वेण्या, लाल रिबिनी. अण्णांनी बांधलेली रिबीन शाळा सुटली तरी सुटत नसे. गिर्यारोहकाची गाठ ती! दोनदा आईला कात्रीच घ्यावी लागली. वर्गातल्या मुली मात्र मधल्या सुट्टीत ती गाठ माझ्याकडून शिकून घेत.

किल्लारीचा भूकंप झाला तो ३० सप्टेंबर १९९३ चा पहाटेचा. विसर्जन मिरवणुकीचं जागरण करून आलेले अण्णा सकाळी रेडिओ ऐकून उठले आणि पिशवी भरायला लागले. निवृत्त माणूस, वय साठीचं. आई म्हणाली, "अहो, तिकडे तरुण पोरं जातील की." त्यावर अण्णांनी फक्त विचारलं, "माझा जाड स्वेटर कुठंय?" दिवाळीला परत आले. तिथलं काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

नातवंडांच्या वाट्याला आलेले अण्णा जास्त लाडावणारे होते, ही माझी तक्रार आहेच. माझी लेक कृत्रिम भिंतीवर चढायला शिकत होती. एकदा अण्णांना रिक्षानं बघायला नेलं. ती अगदी वर पोचून हात हलवत होती, "आजोबा, आजोबा!" अण्णा बघत होते खाली, बिले देणाऱ्या, म्हणजे खालून तिचा दोर सांभाळणाऱ्या मुलाच्या हातांकडे. ती उतरल्यावर तिला शाबासकी दिली, आणि मग त्या मुलाला बाहेरच्या टपरीवर चहाला घेऊन गेले. तासभर त्याच्याकडून नव्या गाठी शिकत बसले होते. रिक्षावाला दोनदा विचारून गेला.