त्याच गाण्यात आता वेगळे काय ऐकू येते

सांगीतिक आवड तरुणपणीच ठरून जाते, या समजुतीला एका आकड्याचा आधार दिला जातो. तो आकडा म्हणजे साडेतेवीस. मॉरिस हॉलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९३२ ते १९८६ या काळात लोकप्रिय झालेल्या २८ गाण्यांचे तुकडे त्यांनी १०८ जणांना ऐकवले. त्यांत सोळा वर्षांच्या मुलांपासून ऐंशी ओलांडलेल्या वृद्धांपर्यंत सगळे होते. कोणते गाणे किती आवडले हे त्यांना विचारले आणि ते गाणे प्रथम गाजले तेव्हा ऐकणाऱ्याचे वय काय होते याच्याशी ती उत्तरे ताडून पाहिली. पसंतीचा कळस सरासरीने साडेतेविसाव्या वर्षापाशी आला. तेव्हापासून, माणूस तिशीत पोहोचला की त्याचा कान नव्या संगीताला मिटतो, असे हा अभ्यास न वाचलेली माणसेही ठामपणे सांगत असतात.

माझ्या ऐकण्याला हे वर्णन लागू पडत नाही. विशीतली गाणी मला आजही प्रिय आहेत आणि ती लागली की हातातले काम थांबते, हे खरे आहे. पण त्या गाण्यांत तेव्हा मी जे ऐकत होतो ते आज ऐकत नाही, आणि आज जे ऐकू येते ते तेव्हाही त्यांत होतेच, फक्त माझे तिकडे लक्ष नव्हते. कोणत्या काळातले गाणे आवडते असे विचारले, तर उत्तर एखाद्या काळाचेच मिळणार. गाण्यातले काय आवडते असे विचारले, तर प्रत्येकाला आपल्या आयुष्यात झालेली बरीच स्थित्यंतरे दिसू लागतील. आवड बदलते म्हणजे मुख्यतः हे बदलते, असे माझे मत आहे.

तारुण्यातली गाणी इतकी घट्ट का बसतात, याची कारणे समजण्यासारखी आहेत. दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला उतारवयात इतर काळापेक्षा अधिक स्पष्ट आठवतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांनी अनेकदा नोंदवले आहे. पहिली मैत्री, पहिले प्रेम, घराबाहेरचे पहिले वास्तव्य हे सगळे याच वर्षांत घडते आणि जवळ जे गाणे वाजत असेल ते त्या घटनेला चिकटून राहते. त्या वयात गाणे ही ओळखही असते. आपण कोण आहोत आणि कोणाच्या गटातले आहोत, हे आपण काय ऐकतो यावरून सांगितले जाते. त्यामुळे नावडती गाणी जाहीरपणे नावडणेही तितकेच आवश्यक होऊन बसते. मीही कित्येक गाणी अशीच नावडती ठेवली होती, आणि वय वाढल्यावर ओळख सिद्ध करण्याची ती गरज ओसरली तेव्हा ती निमूटपणे आवडू लागली. वयाचा हा मोठा लाभ आहे आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

मात्र आठवणींच्या आलेखातला तारुण्याचा हा उंचवटा एकच नसतो, हे कॅरोल क्रमहान्झल आणि जस्टिन झुपनिक या संशोधकांच्या २०१३ सालच्या अभ्यासातून पुढे आले. १९५५ ते २००९ या काळातली लोकप्रिय गाणी त्यांनी विशीतल्या विद्यार्थ्यांना ऐकवली. स्वतःच्या वयातली गाणी त्या मुलांच्या जवळची निघाली यात नवल नव्हते. पण त्यांचे आईवडील तरुण असताना गाजलेल्या गाण्यांशीही त्यांचे नाते दाट असल्याचे दिसले आणि त्याआधीच्या, १९६० च्या दशकातल्या गाण्यांपाशीही आलेख पुन्हा किंचित वर गेला. ही मुले तेव्हा जन्मलीही नव्हती. घरात जे सतत वाजत राहिले ते त्यांच्यात मुरले होते. म्हणजे ज्याला आपण स्वतःची आवड म्हणतो तिचा एक थर आपण निवडलेलाच नसतो. माझ्याबाबतीत हा थर पुष्कळ उशिरा उघडा पडला. लहानपणी वडील ऐकत ते संगीत मला संथ आणि लांबलेले वाटे. चाळिशीच्या आसपास तेच संगीत मी आपणहून शोधू लागलो आणि त्यातल्या पुढच्या स्वराची जागा मला आधीच ठाऊक असल्याचे जाणवू लागले.

कानाचे लक्ष कसे सरकत जाते, हे या लेखात मला सर्वांत अधिक सविस्तर सांगावेसे वाटते. प्रथम मी शब्द ऐकत असे. गाण्यातले दुःख माझे असले की गाणे चांगले, एवढाच निकष होता. पुढे चाल ऐकू येऊ लागली आणि एकाच चालीत सामान्य शब्दही तरून जातात हे ध्यानात आले. त्यानंतर आवाजाचा पोत आला: श्वास कुठे घेतला, वरच्या स्वरावर जाताना आवाज कुठे किंचित पातळ झाला, गायकाने तो तसाच का राहू दिला. आणि आता बरीच वर्षे मी मुख्यतः काळ ऐकतो, म्हणजे दोन स्वरांमधले अंतर आणि स्वराची वाट पाहायला लावणारी उसंत.

विलंबित, म्हणजे संथ, एकतालातला बडा ख्याल हा शास्त्रीय गायनाचा प्रकार याचे उत्तम उदाहरण आहे. बारा मात्रांचे एक आवर्तन अतिविलंबित लयीत मिनिटभर चालू शकते. गायक समेवरून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरून निघतो, रागाच्या एखाद्या स्वराभोवती रेंगाळतो, ताल विसरल्यासारखा दूर जातो, आणि आवर्तन संपत आले की मुखडा, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीचे शब्द, उचलून नेमका समेवर येतो. विशीत मला यातली फक्त सम कळत असे, कारण तेव्हा श्रोते मान डोलावत. मधला मिनिटभराचा काळ मला रिकामा वाटे. आता मला त्या मधल्या काळातच सारे घडताना ऐकू येते. नवव्या मात्रेच्या सुमारास तबल्याच्या बोलांतून शेवट जवळ आल्याची सूचना मिळते, आवाज अजून खालच्या षड्जापाशीच असतो, हा आता परत कसा येणार अशी ओढ मनात तयार होते आणि त्या ओढीसह सम येते. कान तयार होणे या शब्दप्रयोगाचा अनुभवाने कळलेला अर्थ मला हाच वाटतो. पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येऊ लागतो, म्हणूनच तो अंदाज हुकवला गेल्याचा आनंदही घेता येतो.

मेंदूविषयीच्या संशोधनाशी हे जुळते. व्हॅलोरी सालिमपूर, रॉबर्ट झटोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिले की, आवडत्या संगीताने अंगावर शहारा येतो त्या क्षणी मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेले रसायन स्रवते. पण त्या क्षणाच्या आधी, त्याची वाट पाहत असतानाही ते स्रवते आणि तेही मेंदूच्या वेगळ्या भागात. वाट पाहण्यात स्वतंत्र सुख आहे. ज्याला एखाद्या संगीताची रीत ठाऊक नाही त्याला कशाची वाट पाहायची हेच माहीत नसते, म्हणून ते संगीत त्याला कंटाळवाणे वाटते. आयुष्यभर ऐकत राहणाऱ्याच्या वाट्याला हे सुख अधिकाधिक येत जाते.

कलावंताच्या बाबतीत तर हा बदल घड्याळ लावून मोजता येतो. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गुल्ड यांनी जर्मन संगीतकार बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, म्हणजे एका सुरावटीवर रचलेली अनेक रूपे, प्रथम १९५५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी ध्वनिमुद्रित केल्या आणि पुन्हा १९८१ साली, न्यूयॉर्कमधल्या त्याच स्टुडिओत. पहिली ध्वनिमुद्रिका सुमारे ३८ मिनिटांची आहे, दुसरी ५१ मिनिटांची. दुसऱ्या वेळी त्यांनी काही भागांची पुनरावृत्ती केली होती, त्यामुळे केवळ या आकड्यांवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. पण सुरुवातीची आरिया, म्हणजे ती मूळ सुरावट, दोन्हींत पुनरावृत्तीविना आहे आणि तिला पहिल्या वेळी दोन मिनिटांहून थोडा कमी, तर दुसऱ्या वेळी तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागला आहे. स्वरलिपी तीच आणि वाजवणारे हातही तेच होते. तरुण गुल्ड यांची बोटे लखलखीत धावतात आणि ऐकणारा थक्क होतो. प्रौढ गुल्ड एकेक स्वर पूर्ण विझेपर्यंत त्याच्यासोबत थांबतात. दुसरे मुद्रण प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी ते वारले. मला पूर्वी पहिले मुद्रण आवडे, आता दुसरे आवडते. साठी-सत्तरीत कदाचित पुन्हा पहिले आवडेल आणि तसे झाले तर मला आनंदच होईल.

वयाचा परिणाम मनावर होतो तसा कानावरही होतो. तरुण, निरोगी कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत आणि उंच कंपनसंख्येचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी बहुधा आधी जातात. पियानोची सर्वांत उंच पट्टी सुमारे ४,१८६ हर्ट्झची असते, त्यामुळे मूळ सुरावट बराच काळ हाती राहते. हळूहळू कमी होते ती तिच्यावरची झळाळी. झांजेची सळसळ, तानपुऱ्याच्या जवारीतून, म्हणजे घोडीवर तार घासून होणाऱ्या गुंजनातून उमटणारे वरचे स्वर, गाण्यातल्या ‘स’ आणि ‘श’ यांची धार मंदावू लागते. शब्दांपेक्षा खर्जातला आवाज आणि सारंगीसारखी वाद्ये जवळची वाटू लागण्यामागे या बदलाचाही थोडा वाटा असू शकेल. हे कळल्यापासून मी ध्वनीची पातळी खाली ठेवतो आणि तरुणांनाही तेच कळकळीने सांगतो, कारण मोठ्या आवाजाने होणारी हानी वयाची वाट पाहत नाही.

साधनांनीही आवड घडवली, त्याबद्दल थोडक्यात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, १९४८ साली दीर्घ काळ वाजणारी तबकडी (एलपी) आली, १९६३ मध्ये कॅसेट, १९७९ मध्ये वॉकमन. कॅसेटमध्ये नको असलेले गाणे वगळणे त्रासाचे असल्यामुळे आवडत्यासोबत नावडतेही ऐकले जाई आणि त्यातलेच एखादे काही महिन्यांनी आवडते होई. सतत जवळ येत राहिलेली गोष्ट त्यामुळेच आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली मांडले होते. गाणी सुचवणाऱ्या आताच्या यंत्रणा माझी जुनी आवड ओळखून तीच पुन्हा समोर ठेवतात. सोय मोठी आहे, पण न आवडणाऱ्या गोष्टीचा सहवास तिच्यातून मिळत नाही.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१३ साली अडीच लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा वयानुसार तीव्र, गोंगाटी संगीताची ओढ घटते आणि गुंतागुंतीच्या, शांत संगीताची वाढते, असे दिसले. माझा प्रवास साधारण याच दिशेने झाला. तो इथे थांबावा असे मात्र मला वाटत नाही. माझी मुलगी सध्या जे रॅप ऐकते ते सुरुवातीला मला केवळ वेगवान बोलणे वाटले. ती म्हणाली, “बाबा, तू अर्थ शोधू नकोस, गाणारा ठोक्याच्या मागे किती राहतो ते ऐक.” मी तसे ऐकले. एका कडव्यात तो कलावंत प्रत्येक ओळीचे शेवटचे अक्षर ठोक्यानंतर किंचित उशिरा टाकत जातो आणि चौथ्या ओळीत अचानक नेमका ठोक्यावर येतो. समेची वाट पाहणाऱ्या कानाला ती जागा लगेच ओळखू आली. आता ती मला आठवड्याला काही गाणी देते, मीही तिला काही देतो, आणि निदान तीन वेळा ऐकल्याशिवाय कोणीही मत द्यायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. माझ्या यादीतल्या विलंबित ख्यालाची तिची दुसरी फेरी सध्या चालू आहे.