तुम्ही विचारलंत म्हणून: कोलोनमधला न मागताच येणारा ग्लास

"न मागता बिअर आणून ठेवतात आणि वर पैसे लावतात, ही लूट नाही का?" जर्मनीतल्या कोलोनच्या ब्राउहाउसमध्ये, म्हणजे पारंपरिक बिअरघरात, जाऊन आलेली मराठी मंडळी हटकून हे विचारतात, आणि विचारतानाच निकाल देऊन मोकळी झालेली असतात. म्हणून एकदाच, सविस्तर.

लूट नाही. थांबवणं तुमच्याच हातात असतं. ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती, म्हणजे बिअरडेकेल, उचलायची आणि ग्लासावर ठेवायची. पंगतीत पानावर हात आडवा धरल्याशिवाय वाढपी थांबत नाही, तसंच हे. ग्लास रिकामा करून नुसते गप्पा मारत बसलात, तर निळ्या एप्रनमधला क्योबेस, म्हणजे इथला वेटर, तो उचलून भरलेला ठेवणार आणि चकतीवर एक रेघ ओढणार. "नको" म्हटलं तरी चालतं, पण क्रान्त्समध्ये, म्हणजे ग्लास अडकवायच्या गोल ट्रेमध्ये, डझनभर ग्लास घेऊन गर्दीतून वाट काढणाऱ्याला ते ऐकू जाईलच असं नाही. चकती लांबून दिसते.

ग्लास लहान असण्यालाही कारण आहे. क्योल्शचा, म्हणजे कोलोनच्या बिअरचा, फेस फार वेळ टिकत नाही आणि कोमट झाली की तिची चव गेली. म्हणून ०.२ लिटरचा सरळ, बारीक ग्लास, त्याला श्टांगे म्हणतात. थोडी थोडी, पण ताजी. हा ग्लास कोलोनच्या ब्रुअरींनी आपसात केलेल्या १९८६ च्या क्योल्श करारातच लिहिलेला आहे, कुणा मालकाची युक्ती नव्हे. मात्र पाच रेघा म्हणजे म्युनिकचा एक लिटरचा अख्खा मास, हे डोक्यात असू द्या. "एवढीशी तर आहे" म्हणत रिकाम्या पोटी बसणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं.

खरी भांडणं होतात ती बिलाच्या वेळी. समजा ऑफिसची आठ माणसं एका टेबलावर बसली. एकत्र आलात म्हणून सगळ्यांची मिळून एकच चकती. नऊच्या गाडीसाठी दोघं उठले, अंदाजाने दहा युरोची नोट ठेवून गेले. तिसऱ्याने मधेच श्निट्झेल मागवलं, तेही त्याच चकतीवर. शेवटी रेघा एकतीस, आणि जो तो आपल्या सांगतो त्यांची बेरीज चोवीस. मग उरलेल्यांपैकी कुणीतरी क्योबेसवर घसरतो, कुणाला दोन-चार रेघा पुसायची बुद्धी सुचते. तसलं काही करू नका. रेघा मारलेली चकती जर्मन कायद्यात दस्तऐवज मानली जाते. त्यात खाडाखोड म्हणजे बनावट कागद केल्यासारखं. बसतानाच "गेट्रेन्ट, बिटं" (वेगवेगळं, प्लीज) म्हणा, म्हणजे प्रत्येकाची चकती वेगळी. ती आपल्यासमोर ठेवा, भिजू देऊ नका, आठवण म्हणून खिशात घालू नका. लवकर जाणाऱ्याने क्योबेसला गाठून आपले पैसे चुकते करूनच उठावं. बिल ४६.८० युरो झालं आणि ५० द्यायचे असतील, तर नोट देतानाच "फ्युन्फ्त्सिश" (पन्नास) म्हणायचं. टिप टेबलावर ठेवून निघून जायची इथे रीत नाही. आणि रोख जवळ हवीच. कार्ड चालतं का, हे पहिल्या ग्लासाआधी विचारावं.

आता क्योबेसच्या उद्धटपणाचं. तो इथला लाडच आहे, मनावर घ्यायचा नाही, असं मी पूर्वी ठणकावून सांगायचो. आज तेवढं ठामपणे सांगवत नाही. न पिणाऱ्याने पाणी मागितलं आणि "साबण-टॉवेलही आणू का?" असं ऐकावं लागलं, तर भाषा न येणाऱ्याला ती थट्टा आहे हे कळायचं कसं? पाणी विकतच मिळतं, त्यामुळे ओशाळायचं काही कारण नाही. कायद्यानेही किमान एक बिनदारूचं पेय सर्वांत स्वस्त दारूपेक्षा महाग नसावं लागतं. आप्फेलशोर्ले (सोडा घातलेला सफरचंदाचा रस) किंवा बिनअल्कोहोलची क्योल्श बिनदिक्कत मागा.

शाकाहारी असाल तर हाल्व्हर हान घ्या: राय पिठाचा पाव, जाड कापलेलं गाउडा चीज, मोहरीची चटणी, कांदा. चीजमधलं रेनेट (दूध विरजायला वापरतात ते, बहुधा वासराच्या पोटातलं) टाळणाऱ्यांनी मात्र विचारून घ्यावं. रीफकोखे, म्हणजे किसलेल्या बटाट्याची तळलेली थालीपिठं, सफरचंदाच्या गरासोबत छान लागतात, पण त्यात बहुधा अंडं असतं. परतलेले बटाटे, ब्राटकार्टोफेल्न, दिसायला अगदी निरुपद्रवी. त्यात बहुधा डुकराच्या चरबीचे तुकडे पडलेले असतात, म्हणून "ओहनं श्पेक" (ती चरबी नको) सांगावंच लागतं. स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी दहाच्या सुमारास बंद होतं, तेव्हा आधी जेवा.

एवढं सांगूनही, नकार दिला नाही म्हणजे होकार, हा हिशेब शेवटी दुकानाच्याच सोयीचा आहे, हे मी नाकारत नाही. मला तो आवडतो, एवढंच. ज्याला तो तत्त्वतःच पटत नाही, त्याने कोलोनमधल्याच एरेनफेल्ड भागातल्या बारमध्ये जावं. तिथे मागाल तेच येतं, आणि शुक्रवार-शनिवारी ट्राम रात्रभर धावतात.