दाढ क्रमांक ३८

बत्तिशीत अडतिसावा दात कुठून आला, हा प्रश्न मला दवाखान्यातला केसपेपर वाचताना पडला. दातांच्या डॉक्टरांचा हिशेब वेगळा असतो. तोंडाचे चार भाग करायचे, त्यातला खालचा डावा तिसरा. मधल्या दातापासून मोजत मागे गेलं की शेवटची ती आठवी. तीन आणि आठ, म्हणून ३८. क्रमांक मिळाला, जागा मात्र नाही, अशी ही अक्कलदाढ. ओपीजी काढताना हनुवटी टेकवून उभं राहायचं, यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि अख्खा जबडा एका लांबट एक्स-रेत पसरून येतो. त्यात ही बाई एसटीत शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपलेल्या प्रवाशासारखी पुढच्या दाढेवर रेललेली दिसली.

मला तिची कीव आली ती निराळ्याच कारणाने. नाशकात जन्म काढून तिने एकदाही काही चावलं नव्हतं. इथे रविवारी सकाळी गंगापूर रोडला लागलेल्या गाड्यांपैकी कितीतरी मिसळीकडे निघालेल्या असतात. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर शेव, बाजूला पापड आणि दही. घरात चिवड्याचा डबा रिकामा राहिलेला चालत नाही. थंडीत कुणाच्या तरी मळ्यात हुरडा ठरलेला. बाकीच्या दाढा इतकी वर्षं राबल्या आणि ही आडवीच्या आडवी. तिचा दोष नाही म्हणा. माणूस अन्न शिजवून, दळून, मऊ करून खायला लागला तसे जबडे लहान होत गेले. ही दाढ येते साधारण १७ ते २५ या वयात, सगळ्यांच्या शेवटी, तोवर जागा संपलेली असते. सासूबाईंच्या मते कारण एकच, आमच्या पिढीचा पाव. त्यांनी लहानपणी बाजरीची भाकरी खाल्ली, ऊस दाताने सोलला. त्यांच्या चारही अक्कलदाढा ताठ उभ्या आहेत. जबड्याची वाढ लहानपणच्या चावण्यावरही अवलंबून असते असं मानणारे शास्त्रज्ञ आहेत, त्यामुळे मी वाद घालत नाही.

नुसती झोपून राहिली असती तर कुणी हात लावला नसता. पण हिरडीचा एक पदर अर्धवट तिच्यावर आला होता, त्याखाली अन्नाचे कण अडकायचे, मग सूज, मग तोंडात दोन बोटं जाणं मुश्कील. सासूबाईंच्या सांगण्यावरून लवंग धरून दिवस ढकलले. शेवटी आमच्या डेंटिस्टनी बाहेरून सर्जन बोलावले. त्यांनी एक्स-रेवर पेनाचं टोक ठेवून मुळांच्या खालून जाणारी काळसर पट्टी दाखवली. ती नस. तिला धक्का लागला तर खालचा ओठ काही काळ, क्वचित कायमचा बधिर राहू शकतो, असं शांतपणे सांगून त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला.

भूल चढली. अर्धी जीभ आणि अर्धा ओठ दुसऱ्या कुणाचे तरी झाले. लिग्नोकेनने दुखणं थांबतं, पण दाब कळतच राहतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आणि आवाज! तो कानाने ऐकायचा नसतोच, हाडातून थेट डोक्यात शिरतो. हिरडी उघडून त्यांनी थोडं हाड कोरलं. अख्खी दाढ निघेना, म्हणून आधी तिचा माथा कापून वेगळा केला, मग मुळं. मधे एक ‘कट्’ असा आवाज झाला, माझ्याशिवाय तो कुणाला ऐकू आला असेल असं वाटत नाही. हे चालू असताना दोघे डॉक्टर सिंहस्थाच्या कामासाठी कुठला रस्ता खोदलाय आणि कुठून वळून यावं लागलं यावर बोलत होते. मला हसू येत होतं, पण हसण्याची सोय नव्हती.

नंतर ताटलीत तुकडे दाखवले. माथ्यावरचे उंचवटे नवेकोरे, एकही झिजलेला नाही.

आता सूचना. गॉज दाबून धरा, थुंकू नका, स्ट्रॉ नको, दिवसभर चूळही भरू नका. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच जखमेचं झाकण. थुंकताना तोंडात जी ओढ बसते तिने ती निघून येते आणि हाड उघडं पडतं. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. ते तीन-चार दिवसांनी कानापर्यंत ठणकतं. भर थंडीत, निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर असताना, मला आइस्क्रीम खायची वैद्यकीय आज्ञा होती. ‘‘अगं, सुजलेल्यावर थंड?’’ सासूबाईंना हे काही पटलं नाही. त्यांनी नागलीची अंबील केली, ती गार होईपर्यंत समोर बसून राहिल्या, आणि मीठ कमी आहे हे मला बोलता येत नसल्याचा पुरेपूर फायदा घेतला. तिसऱ्या दिवशी गाल सर्वांत जास्त फुगला. भेटायला आलेल्या मावशींनी स्वतःची दाढ काढल्याची हकीकत इतक्या बारकाव्याने सांगितली की माझी फारच किरकोळ वाटू लागली.

लवंगेवरून सासूबाईंचा मान मात्र वाढला. ड्राय सॉकेट झालंच तर डॉक्टर खड्ड्यात जे औषध भरतात त्यात बहुधा युजेनॉल असतं, म्हणजे लवंगेच्या तेलातलाच मुख्य घटक. हे मी त्यांना सांगायला नको होतं. आता त्या शेजारपाजारी सांगतात.

उजवीकडे खाली तशीच एक आडवी आहे, पण पूर्ण हाडात. घरातल्यांचं मत, एकदाच काय ते उरकून टाक. मी नाही म्हणाले. ब्रिटनमध्ये २००० सालापासून सरकारी मार्गदर्शनच आहे की रोग नसलेली अडकलेली दाढ उगाच काढू नये, आणि आमच्या सर्जननीही अधूनमधून एक्स-रे काढून नजर ठेवू असंच म्हटलं.

टाके आठवड्याने निघाले. खड्डा भरून यायला काही महिने जातील, तोवर जेवण झालं की सुई नसलेल्या सिरिंजने पाणी मारून तो धुवायचा. काल त्यातून पोह्यातली मोहरी निघाली. सासूबाईंना बोलावून दाखवली.