बॅसिलस म्हणजे सरांची छडी

शाळेच्या कार्यक्रमासाठी ही आठवण लिहितो. नववीत विज्ञानाच्या तासाला आधी छडी दिसायची, मग सर. जून संपत आलेला, शाळा नुकतीच उघडली होती, अन् बॅक्टेरियाचे आकार शिकवायला सरांनी फळ्यावर काहीच काढलं नाही, दस्ती सोडली, तिच्यात ज्वारी, पऱ्हाटीच्या काड्या अन् निंबोळ्यांचा झुपका. गोल तो कॉकस, काडी तो बॅसिलस, पीळ दिलेला तो स्पायरिलम, अन् कॉलऱ्याचा व्हिब्रिओ स्वल्पविरामासारखा वाकडा. पुस्तकात स्टॅफिलोकॉकसला द्राक्षाचा घड लिहिलं होतं, पण आमच्या गावात द्राक्ष दिसायची कोणी दवाखान्यात भरती असला तरच, म्हणून निंबोळ्या.

"माळ काहून होते अन् झुपका काहून होते?" सरांनी विचारलं, सगळे गप. मग ज्वारीचे दाणे ओळीत मांडत म्हणाले, एकाच दिशेनं फुटत गेले अन् चिकटून राहिले तर माळ, म्हणजे स्ट्रेप्टो, वाट्टेल तिकडून फुटले तर झुपका. तीन दिशांनी शिस्तीत फुटले तर आठाचा गठ्ठा, सार्सिना. हे एवढं मला पुढं कोणत्याच कॉलेजात इतकं सरळ कोणी सांगितलं नाही.

मग लाकडी पेटीतल्या मायक्रोस्कोपखाली घरून आणलेल्या दह्याची स्लाइड, निळा रंग टाकून. लाइन लागली, मागून ढकलाढकली, "दिसून रायलं का बे?" मला लांब काळ्या वाकड्या काड्या दिसल्या, मी वहीत मस्त काढल्या अन् खाली लिहिलं स्पायरिलम. सरांनी लाल पेनानं लिहिलं, ह्या तुह्या पापण्या हायेत.

छडीला आम्ही बॅसिलस म्हणायचो (सरांना माहीत होतं, नक्की). डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) गेल्यावर कळलं की लॅटिनमध्ये बॅसिलसचा अर्थ छोटी काठीच, म्हणजे आमचं बरोबर होतं! आता तालुक्याला लॅबमध्ये थुंकीच्या स्लाइड पाहतो, निळ्यावर लाल बारीक काड्या, टीबीच्या, जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखनं 1882 मध्ये दाखवल्या त्याच. दह्यातला लॅक्टोबॅसिलसही काडीच, टीबीचाही काडीच, नुसत्या आकारावर रिपोर्ट देता येत नाही, म्हणून कार्बोल फुक्सिन हा लाल रंग टाकून तापवा, ॲसिडनं धुवा, तरी लाल राहिला तर तो. नवीन पोरं घाईत एखादी ओरखड सुद्धा मोजतात, मी त्यांना पापण्यांची गोष्ट सांगतो.

तो लाकडी पेटीतला मायक्रोस्कोप अजून शाळेत असला तर कार्यक्रमाच्या दिवशी बाहेर काढून ठेवा, दही मी घरून आणतो.