लायनरपासून डिस्कपर्यंत : आमची वाटचाल

वडिलांचं दुकान नाना पेठेत होतं. ब्रेक शूला (ड्रमला आतून दाबणारी कमानदार पट्टी) नवं लायनर (घर्षणाचा थर) रिव्हेट मारून बसवायचं आणि झिजलेला ड्रम (चाकाबरोबर फिरणारं गोल भांडं) लेथवर साफ करून द्यायचा, एवढंच काम. पद्मिनी असो, अँबॅसडर असो की जुनी जीप, त्या काळी चारही चाकांना ड्रमच असायचे. ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरून आलेल्या गाडीची तक्रार ठरलेली : पेडल खाली जातंय, गाडी थांबत नाही. वडील लायनर बदलून द्यायचे, पण गिऱ्हाइकाला सांगायचेही, की दोष लायनरचा नाही. सतत दाबून ब्रेक तापला की ड्रम फुगतो, शूपासून लांब जातो, आणि तापलेल्या लायनरची पकडही सुटते. त्यात पावसाचं पाणी आत शिरलं तर आणखीच पंचाईत.

जुन्या जीपा हौसेने सांभाळणारे लोक पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, बसवून मागू लागले, तेव्हा आम्ही दोघा भावांनी हे काम अंगावर घेतलं आणि जागा लागते म्हणून भोसरीत शेड घेतली. पुढचीच चाकं का? ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे येतो, थांबवण्याचं बहुतेक काम तीच करतात. शिवाय डिस्क उघड्यावर असते. वारा लागतो, पाणी झटकलं जातं.

डिस्क आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळणारा कॅलिपर बसवला की झालं, असं अनेकांना वाटतं. खरं काम तिथून पुढे आहे. ड्रममध्ये फिरता ड्रमच शूला आपल्याकडे ओढून जोर वाढवतो. डिस्कला ती मदत नाही, म्हणून दाब जास्त लागतो : पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलचा दाब तयार करणारा मास्टर सिलिंडर त्या मापाचा हवा, जड गाडीला पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर हवा. ड्रमच्या लाइनमध्ये (ब्रेक ऑइलच्या नळीत) थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असेल तर पुढच्या लाइनमधून तो काढावाच लागतो, नाहीतर पॅड डिस्कला घासत राहतात. मागे ड्रमच असतात; त्यांच्याकडे जाणारा दाब आवरला नाही तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. यातलं काही वगळून स्वस्तात करून द्या म्हणणाऱ्याला आम्ही नाही म्हणतो. त्यामुळे गिऱ्हाईक जातं, जाऊ दे.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. म्हणून काम हातात घेण्याआधी मालकाला आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून यायला सांगतो.

आता औंधच्या आयटीआयमधून आलेली मुलं आमच्याकडे आहेत. त्यांना आधी डायल गेज लावून डिस्कचा डगमग मोजायला शिकवतो. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून होज पाइप टायरला लागत नाही ना, हे बघायला. आणि एअर काढायचा निपल कॅलिपरच्या वरच्याच बाजूला आला पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली जातो, हवा आत अडकते आणि कितीही पंप मारले तरी पेडल स्पंजसारखं राहतं. गाडी देताना मालकाला एवढंच बजावतो, की नवे पॅड आधी मोकळ्या रस्त्यावर हळूहळू बसू द्या, आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते दर २ वर्षांनी बदला.